पालखीतून दिसणारे गाव

(भोईवाडा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



  जो देश आपण पाहिलेला नाही, ज्याची भाषा आपल्याला येत नाही, त्याची संस्कृती त्याच्या चित्रपटांतून, विशेषतः अ‍ॅनिमेशनपटांतून, आपल्याला कळते का? कळत असेल तर नेमके काय कळते? हा प्रश्न भोईवाड्यात विचारायला कारण आहे. इथून हाकेच्या अंतरावर दादासाहेब फाळके मार्ग आहे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशन चित्रगृहात लागला. आज या परिसरातल्या चाळींतली आणि टॉवरमधली मुले जपानी अ‍ॅनिमे बघतात. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा जपानी चित्रपट इथे लागावा म्हणून भारतातल्या चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली आणि तो लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’ आला तो हिंदी, तमिळ आणि तेलुगू बोलतच. ही मुले म्हणतात, आम्हाला जपान माहीत आहे. घरातले वडीलधारे म्हणतात, कार्टून बघून कुठे देश कळतो होय? माझ्या मते दोघांचेही चुकते, आणि दोघांचे कुठे चुकते ते दाखवणे एवढेच आजचे काम आहे.

या वस्तीच्या नावातच भोई, म्हणजे पालखी वाहणारा, आहे. पालखीत बसून प्रवास करणाऱ्याला गाव दिसते. देऊळ, पार, विहीर, वाटेवरची माणसे सगळे डोळ्यांखालून जाते. रस्ता मात्र त्याला कळत नाही. चढ कुठे लागला, खड्डा कुठे होता, कुठल्या वळणावर खांदा बदलावा लागला, हे भोयाला ठाऊक असते. चित्रपटगृहात आपण सगळे पालखीत बसलेले असतो. परकी संस्कृती समोरून सरकत जाते, दिसते, आवडते. पण संस्कृती सांगितलेल्या गोष्टींत कमी आणि न सांगता केलेल्या गोष्टींत जास्त असते, आणि न सांगता केलेली गोष्ट नुसती पाहून हाती लागत नाही. पाहिलेले आपल्याला पुन्हा घडवायचे झाले तर हात कुठे अडेल, हे शोधायला लागल्यावर ती कळू लागते. माझे म्हणणे थोडक्यात असे : चित्रपट संस्कृती शिकवत नाही, तो प्रश्न पुरवतो, आणि हे प्रश्न कसे विचारायचे ते अ‍ॅनिमेशन तयार करणाऱ्यांकडून शिकावे.

सुरुवात फाळक्यांपासूनच करू. १९११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी त्या अनुभवाविषयी लिहिले. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत होते आणि त्यांच्या मनापुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असा त्याचा आशय. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या प्रसंगाचे मोल किती, हे सांगायला नको. आपल्या प्रश्नापुरते मात्र त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. एक मराठी माणूस परक्या धर्माचा चित्रपट पाहतो आणि बाहेर पडताना त्याच्या मनात स्वतःचेच देव असतात. ख्रिस्ती श्रद्धेविषयी त्यांना त्या दिवशी नवे काय कळले? पडद्यावरच्या माणसांची घरे, जेवणाची रीत, शोक करण्याची पद्धत यांतले काय त्यांनी टिपले? त्या लेखनाचा भर तिथे नाही. ते शिकले ते निराळेच : देवाचे चरित्र पडद्यावर दिसू शकते. ते शिकणे फार मोठे होते, त्यातून एक उद्योग आणि एक कला उभी राहिली. पण त्याला परक्या संस्कृतीची ओळख म्हणता येणार नाही. परके पाहून आपले आठवणे ही प्रत्येक प्रेक्षकाची पहिली पायरी असते. बहुतेक जण त्याच पायरीवर थांबतात आणि वर पोहोचलो असे समजतात. फाळके निदान तसे समजले नाहीत. ते आपल्या वाटेने निघून गेले.

याच्या नेमकी उलट वाट एका जपानी माणसाने धरली. युगो साको हे माहितीपट तयार करणारे दिग्दर्शक. रामायणाशी जोडलेल्या स्थळांवर पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी केलेल्या उत्खननाविषयी माहितीपट करण्याच्या निमित्ताने ते १९८३ मध्ये भारतात आले, आणि रामायणाने त्यांना धरून ठेवले. ही कथा अ‍ॅनिमेशनमध्येच नीट सांगता येईल, असे त्यांना वाटले. इथे विरोध झाला. परदेशी माणसाने आमच्या रामायणाला हात का लावावा, असा आक्षेप विश्व हिंदू परिषदेकडून आला. गैरसमज दूर झाल्यावरही इतका पूज्य विषय कार्टूनमध्ये कसा दाखवायचा, या शंकेपायी भारत सरकारचा सहभाग मिळाला नाही. अखेर काम जपानमध्ये झाले. भारताकडून सहदिग्दर्शक म्हणून उभे राहिले राम मोहन. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात, डिस्नेहून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली मुंबईतच तयार झालेले हे चित्रकार. सुमारे साडेचारशे कलाकारांच्या हातून उतरलेला हा चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. पुढे तो टीव्हीवरून घरोघर पोहोचला आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या रूपात पुन्हा चित्रपटगृहांत लागला. आपल्याला महत्त्वाची आहे ती कामाच्या वेळची एक गोष्ट. भारतीय अ‍ॅनिमेटरांना जपानी सहकाऱ्यांना दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागल्या : धोतर कसे नेसतात आणि लहान माणूस मोठ्यांचा आशीर्वाद कसा घेतो.

या दोन गोष्टी किरकोळ वाटतात, पण माझ्या सगळ्या युक्तिवादाचा भार त्यांच्यावर आहे. नमस्काराचाच प्रसंग घ्या. कॅमेऱ्यासमोर मराठी नट उभा असेल तर दिग्दर्शकाने फक्त ‘पाया पड’ म्हणायचे. बाकीचे त्या नटाच्या अंगात आहे. तो किती अंतरावर थांबेल, आधी कंबरेत वाकेल की गुडघे टेकेल, उजवा हात पुढे करेल की दोन्ही, बोटे पावलाला लावून मग छातीशी नेईल की कपाळाशी, समोरच्या वडीलधाऱ्याचा हात डोक्यावर कधी येईल, तो वाकू देण्याआधीच खांद्याला धरून उठवेल का, हे कोणी सांगावे लागत नाही. कॅमेऱ्याला संस्कृती फुकटात मिळते, कारण ती माणसाच्या अंगाबरोबर चालत येते. कागदावरच्या माणसाला असे अंग नसते. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. एकच रेखाटन दोन-तीन चौकटींना चालवले तरी वाकणारा माणूस वाकताना कुठे कुठे असतो, हे चित्रकाराला कागदावर एकेक करून ठरवावेच लागते. दोन रेखाटनांच्या मधली जागा अंदाजाने भरली की नमस्कार कवायतीसारखा दिसू लागतो. धोतराचेही तसेच. निऱ्या कुठे खोचल्या आहेत आणि कासोटा मागे कसा घेतला आहे हे ठाऊक नसेल, तर पाऊल पुढे पडताना कापड कुठे ताणले जाईल आणि कुठे लोंबेल, हे काढताच येणार नाही. आपण आयुष्यभर पाहिलेली गोष्ट जपानी चित्रकाराला विचारून घ्यावी लागली; आणि त्याने विचारली म्हणूनच ती किती गुंतागुंतीची आहे, हे आपल्याला कळले.

गंमत अशी की हालचाल आणि संस्कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा एक पुरावा फाळक्यांनीच ठेवला आहे. त्यांनी आगकाड्या एकेक चौकट हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला होता. आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनचा आरंभ त्यात पाहतात. आगकाडी हलते, पण तिला घरदार नाही, वडीलधारे नाहीत, कोणाच्या पाया पडायचे नाही. ती केवळ हलते. माणूस हलतो तेव्हा त्याच्या हालचालीत त्याचे घर असते. अ‍ॅनिमेटरला आगकाडीपासून सुरुवात करून माणसापर्यंत जावे लागते, आणि या वाटेवर मध्ये जे जे भरावे लागते, ते म्हणजे संस्कृती. नट घेऊन केलेला चित्रपट हे अंतर लपवतो. अ‍ॅनिमेशन ते उघडे पाडते. म्हणून वडीलधाऱ्यांचा ‘कार्टून’ हा हिणवणीचा शब्द मला चुकीचा वाटतो. १६ एप्रिल १९८८ या एकाच दिवशी जपानमध्ये एकाच खेळात दोन अ‍ॅनिमेशनपट लागले. हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. पहिल्यात दोन बहिणी खेड्यातल्या नव्या घरात राहायला येतात. दुसऱ्यात महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत बॉम्बहल्ल्यात घर गमावलेली दोन भावंडे उपासमारीने संपतात. हसवणे किंवा पोरांना गुंतवून ठेवणे एवढेच या कलेचे काम आहे असे म्हणणाऱ्याने दुसरा चित्रपट शेवटपर्यंत पाहावा.

आता प्रेक्षकाच्या बाजूने पाहू. ‘टोटोरो’मध्ये एक अगदी छोटी हालचाल आहे. नव्या घरात सामान उतरवण्याची गडबड चालू आहे. थोरल्या मुलीला आत जायची घाई आहे, पण पायात बूट आहेत. ते काढायला वेळ नाही आणि घालून जाणे शक्य नाही. म्हणून ती पावले वर उचलून धरून गुडघ्यांवर आत सरकते. संवादात याचा उल्लेख नाही, कोणी तिला दटावत नाही, कॅमेरा तिथे रेंगाळत नाही. जपानी प्रेक्षकाला त्यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही, आणि नेमके म्हणूनच ते आपल्या उपयोगाचे आहे. घराबाहेरचे पायताण घरात न्यायचे नाही हा नियम तिथे इतका मुरलेला आहे की आईवडिलांची नजर नसताना, घाईत, खेळताखेळता मूल तो पाळते. ‘जपानी लोक बूट काढून घरात जातात’ हे वाक्य कुठल्याही प्रवासमार्गदर्शक पुस्तकात सापडेल. पण नियम किती खोल गेला आहे, हे त्या वाक्यात सापडत नाही. ते त्या गुडघ्यांत सापडते.

इथे कोणी म्हणेल, मग प्रवासवर्णने काय वाईट? मराठी वाचकाला जपानची ओळख करून दिली ती पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने, चित्रपटांनी नव्हे. हे खरेच आहे, आणि त्या पुस्तकाचे ऋण आपण मानलेच पाहिजे. पण दोन्हींचे काम वेगळे आहे. प्रवासी जे त्याला नवे वाटले ते सांगतो; म्हणजे त्याच्या सांगण्यात दोन संस्कृतींमधला फरक येतो, आणि तोही त्याच्या नजरेला पडलेला. आपल्याच लोकांसाठी चित्रपट करणाऱ्याला मात्र काहीच नवे वाटत नसते. म्हणून त्याच्या चित्रपटात जे न बोलता येते, ते कुणी निवडून आपल्यासाठी मांडलेले नसते. यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) कॅमेरा बराच वेळ खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला असतो. ज्यांनी पंगतीत पाटावर बसून जेवण केले आहे, त्यांना ही उंची ओळखीची वाटेल. ती ओळख प्रवासवर्णनातून सहसा मिळत नाही, कारण जमिनीवर बसलेल्याला जग कुठून दिसते हे शब्दांत सांगायची गरज कोणाला भासत नाही. आणि याच कारणाने, परदेशी प्रेक्षकांना खूश करण्यासाठी काढलेल्या चित्रपटापेक्षा घरच्या प्रेक्षकांसाठी काढलेला चित्रपट जास्त खरा साक्षीदार असतो.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सगळ्यांत जड आक्षेप असा की ओळखीचे वाटणे हीच फसवणूक आहे. उदाहरण इथलेच घेऊ. आपल्याकडे घरोघरी मुले ‘डोरेमॉन’ हिंदीत पाहत मोठी झाली. त्यातला तो निळा यांत्रिक बोका नोबिताच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात झोपतो. हे कपाट मुळात गाद्या-पांघरुणे ठेवण्याचे आहे. दिवसा गाद्या उचलून त्यात ठेवायच्या आणि रात्री त्याच खोलीत अंथरायच्या. परळ-लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहिलेल्याला यात काही नवल वाटत नाही. सकाळी अंथरुणे गुंडाळून माळ्यावर किंवा पलंगाखाली सारायची, दिवसभर तीच खोली बैठकीची, जेवणाची, अभ्यासाची. तो म्हणेल, अरे, हे तर आपल्यासारखेच! इथेच तो फसतो. चाळीत अंथरूण उचलावे लागे ते जागा नाही म्हणून. गिरणीचा पगार आणि घरातल्या माणसांची संख्या यांनी तो नियम घातला होता, आणि जागा वाढली की पलंग आले. जपानच्या पारंपरिक घरात चटईच्या खोलीत दिवसा अंथरूण न ठेवणे ही रीत प्रशस्त घरातही असते. तिचा संबंध ती खोली कशी वापरावी याच्याशी आहे, केवळ टंचाईशी नाही. कृती तीच, कारण वेगळे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट ते नेमके होते. साम्य दिसले की तिथे थांबायचे नाही, तिथून विचारायला सुरुवात करायची. ‘आपल्यासारखेच’ या उद्गारानंतर ‘पण कशासाठी?’ हा प्रश्न आला नाही, तर आपण अजून फाळक्यांच्या पहिल्या पायरीवर आहोत. आणि हा प्रश्न दोन्हीकडे कापतो. जपानी कपाटामुळे आपल्याला आपल्याच चाळीतल्या गुंडाळलेल्या गादीचे कारण विचारावेसे वाटले, हाही फायदा लहान नाही.

दुसरा आक्षेप : बाजारासाठी तयार होणाऱ्या चित्रपटातून संस्कृती धुऊन काढलेली असते, मग त्यातून शिकणार काय? कोइची इवाबुची या जपानी अभ्यासकाने हाच मुद्दा मांडला आहे. त्याच्या मते परदेशी गेलेल्या जपानी मालातून मूळ देशाचा वास बऱ्याचदा काढून टाकलेला असतो. याला पुरावा आपल्याकडेच आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागे. कथा रुडयार्ड किपलिंगची, म्हणजे १८६५ मध्ये जे. जे. कलाशाळेच्या आवारात, मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखकाची. अरण्य मध्य भारतातले. चित्रे जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची. हिंदी गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. त्या वेळच्या किती मुलांना आपण जपानी मालिका पाहतो आहोत हे माहीत होते? तरीही या आक्षेपातून ‘म्हणून काही शिकता येत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. कोणाची गोष्ट, कोणाची रेषा, कोणाचा आवाज, हे थर सोडवणे हेच शिकणे आहे. इंग्रज लेखकाने पाहिलेला भारत, जपानी चित्रकाराने कल्पिलेले इंग्रज लेखकाचे अरण्य आणि मुंबईच्या कलावंतांनी त्याला दिलेली भाषा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शुद्ध, अमिश्र संस्कृती पडद्यावर सापडत नाही याचे दुःख करणाऱ्याने ती पडद्याबाहेर तरी कुठे सापडते, हे सांगावे.

याला जोडून एक बारीक शंका येते. चित्रपट खोटेही दाखवतो. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. चित्रपटात स्त्री दिसते, प्रत्यक्षात स्त्री नाही. परक्या प्रेक्षकाला हे कोण सांगणार? पडदा सांगणार नाही. पण ज्याला साळुंक्यांचे नाव कळले, त्याला १९१३ च्या मुंबईत पडद्यावर यायला स्त्री मिळत नव्हती हेही कळले, आणि ते एखाद्या समाजशास्त्रीय ग्रंथाइतके बोलके आहे. चित्रपटाचे खोटे त्याच्या काळाचे खरे सांगते. मात्र त्यासाठी चित्रपटाबाहेर जावे लागते, श्रेयनामावली वाचावी लागते, जुनी मासिके चाळावी लागतात. पडद्यावरचा पुरावा एकटा पुरत नाही, हे मी कबूल करतो. तो पुरा पडतो असा माझा दावा नव्हताच.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि इथे मला सर्वांत जास्त माघार घ्यावी लागते. मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (२००१) चिहिरो नावाच्या मुलीला एका चेटकिणीकडे कामाचा करार करावा लागतो. ती आपले नाव लिहिते आणि चेटकीण त्या नावातली अक्षरे हाताने उचलून काढून घेते. उरते एकच अक्षर, आणि सुटे वाचले की त्याचा उच्चार ‘सेन’ होतो. एकच चिनी अक्षर जागेप्रमाणे दोन तऱ्हांनी वाचता येते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला एवढेच दिसते की मुलीचे नाव बदलले. नाव तिच्याच नावातून कापून काढले, हे त्याला कळत नाही. सबटायटल्सच्या तळओळींतून ते कळवताही येत नाही. आपल्याला हे जपानी चित्रपटाबाबत पटकन पटत नसेल, तर उलटी परीक्षा घेऊन पाहू. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला गेला, तिथे त्याला पारितोषिके मिळाली. त्यात एका लोकशाहिरावर खटला चालतो. आरोपीच्या वकिलाच्या घरी गुजराती बोलली जाते, सरकारी वकील मराठी, आणि न्यायालयात मराठी, हिंदी, इंग्रजी एकमेकींत मिसळतात. एका ठिकाणी आरोपीचा वकीलच मराठीऐवजी हिंदी किंवा इंग्रजीत बोला, अशी विनंती करतो. भोईवाड्यात न्यायालय आहे. इथल्या कोणालाही त्या एका विनंतीत मुंबईचा अर्धा इतिहास ऐकू येईल. व्हेनिसच्या प्रेक्षकाला खाली सगळ्या भाषांसाठी एकाच भाषेतली ओळ दिसली. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, हाच जिथे आशय आहे, तिथे तळओळी तो सपाट करतात. म्हणून ज्याला पुढे जायचे आहे त्याने भाषा शिकावी. पुण्यात जपानी शिकण्याची जुनी परंपरा आहे, मुंबईतही वर्ग आहेत. चित्रपट तुम्हाला वेशीपर्यंत आणून सोडतो. पण वेस कुठे आहे हेही ज्याला माहीत नाही, तो भाषेच्या वर्गाला जातच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पण ‘कोर्ट’ची साक्ष फक्त अपयशाची नाही. त्याच चित्रपटात एका बाईचे प्रकरण न्यायाधीश पुढे ढकलतात, कारण तिने बिनबाह्यांचा पोशाख घातला आहे. सरकारी वकीलबाई दिवसभर कायद्याची कलमे वाचतात, मुलाला घेऊन घरी येतात आणि स्वयंपाकाला लागतात. नवरा टीव्हीसमोर बसलेला असतो. यावर कोणी भाष्य करत नाही. हे कळायला मराठी येण्याची गरज नाही. फक्त ‘हे कोणी समजावून का सांगत नाही?’ असे मनात यावे लागते. ते ज्याच्या मनात आले, त्याला आपल्या घरांविषयी काही खरे कळले. आपल्याला अडचणीत टाकणारे असले, तरी खरे. आपण परक्या घरात डोकावतो तेव्हा परकेही आपल्या घरात डोकावत असतात, आणि त्यांनी आपल्या बाबतीत जी काळजी घ्यावी असे आपल्याला वाटते, तीच आपण त्यांच्या बाबतीत घ्यावी. एका चित्रपटावरून ‘मराठी माणसे अशी’ असे कोणी म्हटले तर आपण भांडू. परळ आणि चंद्रपूर एक नव्हे, असे सांगू. मग दहा चित्रपटांवरून ‘जपानी माणसे अशी’ म्हणण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? ‘या चित्रपटातल्या, या काळातल्या, या घरात असे होते’ इतकेच म्हणावे. हे वाक्य लांब आहे, पण प्रामाणिक आहे.

शेवटचा आक्षेप साधा आहे. माणूस दिवसभर राबून दोन घटका करमणुकीला चित्रपट पाहतो. त्याने प्रत्येक चौकटीत प्रश्न शोधत बसायचे का? नाही. करमणूक करमणूकच राहावी. पण ‘मला तो देश कळला’ असा दावा करायचा असेल, तर थोडे कष्ट पडणारच, आणि ते कष्ट एकट्याने करण्याचे नाहीत. पालखीला कधी एकच भोई नसतो. मुंबईत १९६८ मध्ये सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी सुरू केली. ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक चालवले, आणि २००२ पासून ‘थर्ड आय’ हा आशियाई चित्रपटांचा महोत्सवही मुंबईत भरू लागला. इराण, जपान, कोरिया, श्रीलंका यांचे चित्रपट मराठी प्रेक्षकापर्यंत आणण्यात या चळवळीचा वाटा मोठा आहे. माझ्या मते चित्रपट दाखवण्याहून मोलाचे काम तिने केले ते चित्रपटानंतर खुर्चीत थांबायला शिकवण्याचे. दिवे लागल्यावर ‘तुला काय दिसले?’ असे शेजारच्याला विचारणे, ही त्या चळवळीची खरी देणगी. आज चित्रपट हातातल्या फोनवर आला आहे. थांबणारे शेजारी मात्र गेले आहेत.

म्हणून या वस्तीतल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एकच विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी परक्या देशाचा चित्रपट एकत्र बसून पाहाल, तेव्हा त्यातला अर्ध्या मिनिटाचा एक प्रसंग निवडा. कोणी जेवतो आहे, कोणी दार उघडतो आहे, कोणी थोरल्यापुढे वाकतो आहे, असा काहीही. तो दुसऱ्यांदा पाहा, आणि मग पडदा बंद करून एकाने उठून तो करून दाखवावा. हात कुठे ठेवायचा, आधी कोणी बोलायचे, नजर वर ठेवायची की खाली, जिथे म्हणून अडेल ती जागा कागदावर लिहून ठेवा. त्या कागदावर जितके प्रश्न असतील, तितकीच त्या देशाची ओळख तुम्हाला झाली आहे असे समजा; आणि कागद कोरा राहिला, तर चित्रपट पुन्हा पाहा.